धाकटा दिसला नाही

भाटकर काका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाई, तुमचं पाणी सांडतंय."

सिंगापुरातल्या पासिर रिसच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ होती. ऑफिसातून कधी नव्हे ती लवकर सुटका झाली म्हणून मी नवा कोरा कॅमेरा घेऊन समुद्रावर आले होते. नुकतीच फोनवर लेकीला मराठीतून चांगलं झाडलं होतं, त्यावरूनच मी मराठी हे त्यांनी ओळखलं असणार. मी आधी दचकले, मग पिशवीतली पाण्याची बाटली चाचपून बघितली. झाकण घट्ट होतं. शेजारी घडीच्या स्टुलावर साठी कधीच ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. अंगात धुऊन धुऊन विटलेला, इंजिनवाले घालतात तसला नारिंगी बॉयलर सूट, समोर तिकाटण्यावर कॅमेरा आणि त्या कॅमेऱ्यावर ओला पंचा.

"बाटलीतलं नव्हे, फोटोतलं," ते म्हणाले. "समुद्र डावीकडे कललाय तुमचा. आणखी थोडा वेळ असाच धरलात तर सगळं पाणी शेजारच्या पुंगोलला जाईल."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. क्षितिज खरंच तिरकं होतं. मला भयंकर राग आला, कारण ते बरोबर होते. "पाणी कधीच तिरकं नसतं," ते पुढे म्हणाले, "तिरका असतो तो माणूस." एवढं बोलून ते पुन्हा समोर बघत बसले. पुढच्या तासाभरात त्यांनी एकही फोटो काढला नाही.

माझा राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मीच दुसरं स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

विनायक भाटकर मूळचे देवगडचे. तरुणपणापासून जहाजांच्या इंजिनरूममध्ये वाढले, चीफ इंजिनिअर झाले, मग तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरून सिंगापूरला स्थिरावले. माझ्या ब्लॉकपासून दोन ब्लॉक सोडून त्यांचा फ्लॅट. बायको सुलभाकाकू मी त्यांना भेटायच्या कितीतरी आधी गेलेल्या. काका एकटे राहायचे, मुगाची खिचडी उत्तम करायचे आणि वर्षातून एखाद-दोनदा बॅग भरून इंडोनेशियातल्या कुठल्या तरी बेटावर ज्वालामुखीचा फोटो काढायला जायचे. फोटो म्हणजे एकच. एका खेपेला एक. आमच्यासारखे लोक नाश्त्याचेसुद्धा बारा फोटो काढतात हे त्यांना सांगितल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "इडली हलते का मध्येच?"

त्यांची कामाची रीत जहाजावरची होती. जहाजावर चार तासांची पाळी असते, तिला वॉच म्हणतात. काका डोंगरासमोर वॉच करायचे. पहिला तास कॅमेरा पिशवीतच. मग तिकाटणं, त्यावर सुताराकडे असते तसली पातळी बघायची नळी, मग पंचा, आणि चार तास भरत आले की एकदाच बटण. "मशीन उघडायच्या आधी त्याच्या अंगावर हात ठेवून उभं राहायचं," ते सांगायचे. "काय दुखतंय ते मशीन आपणहून सांगतं. डोंगराचंही तसंच. आल्या आल्या कॅमेरा रोखलात की तो तोंड फिरवतो." वेळेच्या बाबतीत मात्र ते फार कडक. मी कधी दहा मिनिटं उशिरा पोचले की म्हणायचे, "वॉचवर उशिरा येणारा माणूस चोरापेक्षा वाईट. चोर निदान अनोळखी माणसाला लुटतो."

प्रत्येक वॉचची नोंद जाड पुठ्ठ्याच्या वहीत व्हायची. वेळ, वारा, ढग आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एकदा मी ती वही चाळत होते. बेटं बदलत होती, पण लोंबोकचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि लोंबोकच्या प्रत्येक नोंदीपुढे एकच शेरा होता: धाकटा दिसला नाही.

"हा धाकटा कोण?" मी विचारलं. आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपी म्हणजे इथली कॉफी पीत बसलो होतो. काकांनी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. काका तेव्हा सेकंड इंजिनिअर होते आणि काकू त्या एका सफरीत त्यांच्याबरोबर जहाजावर होत्या. काकू नागपूरच्या. लग्नाआधी त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जहाज ऑस्ट्रेलियातून लोखंडाची माती भरून उत्तरेला निघालं होतं आणि बाली नि लोंबोक या दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीतून जात होतं. भर दुपारी एक पंप बसला. काका खाली गेले ते तीन तासांनी तेलाने माखून वर आले. काकू डेकवर वाट बघत होत्या.

"उशीर केला न तुम्ही!" काकू म्हणाल्या होत्या. "आत्ता होता डोंगर, माझ्या उजव्या हाताला. केवढा मोठा! कमरेला ढग खोचलेला. आणि त्याच्या पुढ्यात एक लहाना बसला होता, वेणी घालून घ्यायला बसते पोरगी, तसा."

काका म्हणाले होते, पुढच्या खेपेला बघीन. पुढच्या खेपा खूप झाल्या, पण त्या वेळी कधी ढग, कधी अंधार, आणि बहुतेक वेळा काका पाण्याखाली, इंजिनरूममध्ये. "अख्खा इंडोनेशिया मी तीस वर्षं भिंतीपलीकडून ओलांडलाय," ते म्हणाले. "एक बेट बघितलं नाही." मुलगी झाली, काकू घरी राहिल्या. मग काकू आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये एका दुपारी त्या म्हणाल्या, "बाकी सगळं आपण दोघांनी मिळून पाह्यलं. तो डोंगर तेवढा मी एकटीनं पाह्यला. तुम्ही पाहून या न." काका म्हणाले, पुढच्या महिन्यात जातो. काकूंना पुढचा महिना मिळाला नाही.

हे सांगताना काकांचा आवाज जराही हलला नाही. मी उगाच कोपी ढवळत बसले.

"उजव्या हाताला म्हणजे जहाजाच्या उजव्या अंगाला," काका हिशेबी आवाजात म्हणाले. "उत्तरेला जाताना उजवीकडे लोंबोक. म्हणजे डोंगर रिंजानी. त्यात शंकाच नाही. मोठा मी सगळीकडून बघितला. धाकटा कुठून दिसतो तेवढं सापडत नाहीये."

एका सुट्टीत आम्ही तिघं, मी, माझा नवरा आणि लेक इरा, त्यांच्याबरोबर लोंबोकला गेलो. काका बॉयलर सूटमध्येच. त्या वेशामुळे गावातल्या लोकांना वाटलं की ज्वालामुखी तपासायला सरकारी माणूस आलाय. दोन म्हातारे हात जोडून विचारायला आले, की डोंगर शांत राहील ना. काकांनी मोडक्यातोडक्या मलायमध्ये सांगितलं, "मी जहाजाचा मेकॅनिक आहे हो, डोंगराचा नाही." तरी त्यांनी आम्हाला उकडलेली केळी दिली.

पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राकडे पाठ करून काका वॉचला बसले. इराने अर्धा तास कळ काढली आणि मग आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, व्हाय यू नेव्हर टेक द फोटो? माउंटन कान्ट रन अवे, लाह!"

"तेच ना!" काका खूश झाले. "तो पळत नाही, मग घाई कोणाला आहे?"

संध्याकाळ झाली तशी किनाऱ्यावरची सगळी गर्दी समुद्राकडे वळली. पलीकडे, सामुद्रधुनीपार, बालीच्या डोंगरामागे सूर्य मावळत होता. उन्हाविरुद्ध तो डोंगर म्हणजे नुसता एक काळा आकार. नवऱ्याने भराभर वीस-पंचवीस फोटो काढले. "काका, मागे बघा तरी," मी म्हटलं. त्यांनी मान वळवली, न वळवल्यासारखी केली आणि म्हणाले, "तो बालीचा. त्याचे फोटो काढायला माणसांची कमी नाही. तिकडे लोक डोंगर बघायला जात नाहीत, लग्नाचे अल्बम करायला जातात." मग वही काढून शेरा लिहिला. काय लिहिला ते मला बघायची गरज नव्हती.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. मुलगी नागपुरात आजोळच्या माणसांजवळ डॉक्टर आहे, तिने हट्ट धरला आणि काकांनी फ्लॅट विकायचं ठरवलं. मी सामान बांधायला मदत करायला गेले. "नागपुरात ना समुद्र, ना डोंगर," मी चिडवलं, "वॉच कसला करणार?"

"गॅलरी आहे की," ते म्हणाले. पण धाकट्याचा विषय निघाला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "ते काम राहिलं," एवढंच म्हणाले. जन्मात एवढं एकच काम अर्धवट टाकून निघालेला माणूस मी बघत होते, आणि मला काही करता येत नव्हतं.

हॉलमधली शेवटची तसबीर मी भिंतीवरून उतरवली. सुलभाकाकूंचा फोटो. काकांनीच काढलेला, त्याच सफरीत. काकू डेकवर खुर्चीत बसून हसताहेत, केस वाऱ्याने पुढे चेहऱ्यावर आलेत. क्षितिज अर्थातच सरळ. मी हा फोटो शंभर वेळा बघितला असेल. कागदात गुंडाळायला जवळ घेतला तेव्हा पहिल्यांदाच काकूंच्या पाठीमागे नीट बघितलं.

"काका, हे मागे काय आहे?"

"धुराडं. जहाजाला असतंच."

"मग जहाज कुठल्या दिशेला चाललंय?"

"तिच्या पाठीच्या दिशेला," काका खोक्याला चिकटपट्टी लावत सहज म्हणाले. "ती नेहमी मागच्या डेकवर मागे तोंड करून बसायची. पुढून येणाऱ्या पाण्याची तिला भीती वाटायची. गेलेल्याची वाटत नसे. नागपूरची ना..."

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

मी फोटो हातात धरून तशीच उभी राहिले. मागे तोंड करून बसलेल्या बाईचा उजवा हात म्हणजे जहाजाची डावी बाजू. समुद्रावरच्या माणसाला उजवं एकच, जहाजाचं. नागपूरच्या मुलीला उजवं म्हणजे ज्या हाताने जेवतो ते. आणि उत्तरेला जाताना डावीकडे लोंबोक नाही, बाली.

काका खोक्यावर बसले. आपण हे उगाच विचारलं, असं मला झालं.

"नऊ वेळा," ते शेवटी म्हणाले. "नऊ वेळा, चार-चार तास, तिच्या डोंगराकडे पाठ करून बसलो मी."

मला वाटलं आता ते रडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "बालीचं विमान किती वाजता असतं गं?"

मी बरोबर येते म्हटलं. ते म्हणाले, "तू नको. हा वॉच माझा आहे." जाण्याआधी लोंबोकचे नऊच्या नऊ फोटो त्यांनी माझ्या हवाली केले. त्यातला एक माझ्या हॉलमध्ये आहे. फार सुंदर आहे. पाहुणे विचारतात, हा कुठला डोंगर? मी सांगते, चुकीचा.

चौथ्या दिवशी काका परतले. रिकाम्या फ्लॅटमध्ये ती दोन स्टुलं तेवढी उरली होती. आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी वही माझ्यापुढे केली. नेहमीच्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं: 'वेळ दुपारी बारा ते चार. वारा मंद. ढग कमरेला. मासेमारीची होडी, होडीचं तोंड उत्तरेला, माझं दक्षिणेला. डोंगर उजव्या हाताला. धाकटा दिसला.' आणि शेवटच्या रकान्यात: 'वॉचवर उशिरा आलो.'

मला पुढचं वाचवेना. पुढे काही नव्हतंही.

"फोटो?" मी विचारलं.

त्यांनी कॅमेरा दिला. तो होता. मोठा डोंगर, कमरेला ढग खोचलेला, आणि त्याच्या पुढ्यात तो धाकटा, पाठमोरा, मान खाली घालून, आईने मागून केस धरलेत असा. काकूंनी एका वाक्यात सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त होडीत तिकाटणं उभं राहत नाही, पातळीची नळी लागत नाही, आणि काकांचे हात त्या दिवशी स्थिर नसावेत. सगळा समुद्र डावीकडे कलला होता. इतका तिरका फोटो मी पहिल्या दिवशीसुद्धा काढला नव्हता.

"काका," मी डोळे पुसत म्हटलं, "तुमचं पाणी सांडतंय. द्या, कॉम्प्युटरवर सरळ करून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून अलगद काढून घेतला, त्यावर पंचा टाकला आणि म्हणाले, "सांडू दे."