मोहाखालची काळी पट्टी

माझ्या सासूबाई हट्टी आहेत, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणते, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. मी अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेली. लग्न होऊन तिवस्याजवळच्या या शेतावर आले, तेव्हा जंगल म्हणजे उंच, दाट, अंधारं असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आमच्या शेतामागचं जंगल पाहून मी हसलेच. रेताड जमीन, तिच्यावर ठेंगणे पळस, धावडे, तेंदू, मधूनमधून सीताफळाची झुडपं आणि खाली कमरेएवढं गवत. होळीच्या सुमारास ते गवत इतकं वाळतं की नुसतं चालताना कुरकुरतं.

या जंगलात, आमच्या शेतापासून जरा आत, वनखात्याची माणसं दर थंडीत जाळरेषा काढतात. रस्त्यापासून नाल्यापर्यंत गवताचा रुंद पट्टा कापायचा, वाळू द्यायचा आणि मग आपल्या हातानं, नजरेसमोर जाळून टाकायचा. उन्हाळ्यात वणवा पेटलाच तर त्या काळ्या पट्टीपाशी त्याला खायला काही उरत नाही. पण त्या पट्टीत सासूबाईंचा मोह येतो, ज्याची गळलेली फुलं त्या दर उन्हाळ्यात वेचतात. तो मोह सरकारी आहे, हे त्यांना कोण सांगणार?

त्या वर्षी माणसं पेटवायला आली, तशा सासूबाई मोहाखाली जाऊन मांडी घालून बसल्या.

"जाळा. मले बी जाळा संगं."

जंगलाची गार्ड माझ्याच वयाची बाई. तिनं समजावलं, "आई, झाडाले काई होत नाई. आदी बुडातला पाला ओढून घेतो, मंग लावतो."

"काहून ऐकू तुमचं? आच लागली तं फुलं येतीन काय त्याले?"

दुपारपर्यंत हे चाललं. शेवटी गार्डनं स्वतः दातेरी पंजा घेऊन झाडाभोवतीचा पाला दूर ओढला आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावली. आग घोट्याएवढीच राहिली, हळूहळू सरकत विझली. मोहाची साल खालून जराशी धुरकटली, एवढंच. तरी होळीपर्यंत घरात एकच रडगाणं होतं, "माह्या मोहाखालचं काळं करून ठेवलं."

गहू निघाला की धुरा पेटवायचा, ही आमच्याकडची जुनी सवय. धुरा म्हणजे शेताच्या कडेची गवताळ पट्टी. ती जाळली की काटे, उंदीर, कचरा, सगळं साफ होतं अशी समजूत. काडी लावण्याआधी जंगलाकडे तोंड करून हाळी द्यायची, आत कोणी असेल तर बाहेर यावं म्हणून. नवऱ्यानं हाळी दिली. उत्तर आलं नाही. सासूबाई तर सकाळीच ऑटोनं तिवस्याच्या बाजाराला गेलेल्या. हवा शांत होती. त्यानं काडी लावली, आणि थोड्याच वेळात वारा फिरला. आग धुरा सोडून जंगलाच्या गवतात शिरली.

आम्ही कडुनिंबाच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत सुटलो. शेजारच्या संत्र्याच्या बागेतल्या भाभी धावत आल्या. फांदी तोडता तोडता त्यांनी विचारलं, "अम्मा निकल आई ना?"

"कुठून?" मी म्हटलं.

"जंगल से! सुबह ऑटो में मेरे बाजू में तो बैठी थी. मोड़ पे उतर गई. बोली, मोह टपकून रायला, बाजार काय पळून जाते?"

नवऱ्यानं फांदी फेकली आणि धुराकडे धावला. मी सासूबाईंना फोन लावला, तर तो मागे घरातच वाजू लागला. त्या फोन कधी नेतच नाहीत. सरळ आत जायला वाट नव्हती, समोर नुसता धूर. नाल्यातून वळसा घालून आम्ही पळालो. रेतीत पाय रुतत होते. एरवी एका शब्दात उत्तर देणारा माझा नवरा पुढे "आई, आई" ओरडत होता. ज्या बाईशी मी रोज भांडते, तिच्यावाचून घर कसं दिसेल हे त्या नाल्यात मला पहिल्यांदा सुचलं. त्याआधी मी तेवढी कधीच घाबरले नव्हते.

नाल्यातून वर आलो. आग जाळरेषेच्या काठापर्यंत येऊन जागोजाग विझत होती. पट्टीच्या मधोमध मोह, आणि मोहाखाली सासूबाई. तीच जागा, तीच मांडी. नाकावर पदर, मांडीत फुलांची टोपली, टोपलीवर पळसाच्या पानांची जुनी पत्रावळ उलटी झाकलेली. मी तिथेच राखेत बसले आणि मोठ्यानं रडले.

"रडून काहून रायली? मेली नाई मी," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "तं ते हाळी तुहीच होती?"

"ऐकू आली व्हती? मंग निघाली काहून नाई?" त्याचा आवाज फाटला.

"मले वाटलं, दुसऱ्या कोणाले देऊन रायला. तुह्या हिशोबानं तं मी बाजारात होती ना!"

मला रडता रडता हसू फुटलं. नवरा मात्र त्यांच्या पायाशी बसून राहिला. तेवढ्यात गार्ड आपली माणसं घेऊन पोचली. तिनं एकदा मोहाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि पाण्याची बाटली पुढे केली. सासूबाई घटाघटा पाणी प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पोरी, पुढच्या साली पट्टी जराशी आणखी रुंद काढजो."

आता आमचा धुरा विळ्यानं कापतात. थंडीत जाळरेषेची माणसं आली की मोहाखालचा पाला ओढायला सासूबाईच पुढे असतात, आणि कसा ओढायचा हे गार्डला शिकवतात. घरातली माचिस त्या दिवसापासून त्यांच्या कमरेच्या पिशवीत असते. शेताकडे निघालेल्या लेकाला खिसे उलटे करून दाखवावे लागतात. मला सकाळी पाणी तापवायची चूल पेटवायची तर आधी घरात, मग अंगणात, मग पार मोहापर्यंत हाका मारत त्यांना शोधावं लागतं. रोज चिडचिड होते. पलीकडून "ओ" आली की बरं वाटतं.