पडद्यावरचा गुलाबी रंग

तिचं नाव मी विचारलं नाही. मला तिचा हेवा वाटत होता.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात टावर चौकाजवळ नवीन कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथे ती संध्याकाळी मुलांना सीडीवर रसायनशास्त्राचे प्रयोग दाखवायची. मी तोच विषय अठरा वर्षं शाळेत शिकवत होतो. माझ्या प्रयोगशाळेत जांभया देणारी बारावीची मुलं तिच्यासमोर चिडीचूप बसतात, असं कानावर आलं, म्हणून एकदा मुद्दाम गेलो आणि मागे उभा राहिलो.

विशीतली, किरकोळ अंगाची मुलगी. पडद्यावर ब्युरेटच्या काचनळीतून फ्लास्कमध्ये थेंब पडत होते. एका हाताने माउस दाबताना ती दुसरा हात हवेत हळूहळू फिरवायची, जणू त्यात खरोखरचा फ्लास्क आहे. द्रावण गुलाबी झालं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गात कधी टाळी वाजली नव्हती.

मुलं गेल्यावर ती संकोचत जवळ आली.

"सर, आप तो स्कूल में पढ़ाते हैं ना? असली में भी रंग ऐसे ही आता है क्या? हमारी लैब पे तो हमेशा ताला रहता था. मैंने सब इसी पे सीखा."

खरा रंग आधी चमकतो, हलवला की विरतो आणि मग एखाद्या थेंबाने अचानक टिकतो. ते दाखवायला तिला माझ्या शाळेत बोलावलं असतं तरी पुरे होतं. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याच खिशात होती.

"हाँ, ऐसे ही," म्हणालो आणि जिना उतरलो.

तिने मान डोलावली होती. माझ्यावर तिचा विश्वास बसला होता.