मावशीच्या परसातला दगड

मावशीच्या परसात माथ्याला खोल भोक असलेला पुराणा दगड आहे. त्या भोकातलं पाणी डोळ्यांना लावलं की दुखणं जातं, असं लोक मानतात आणि रोज रांग लावतात. मावशीला लेकीकडे कायमचं राहायला जायचंय, पण लोक सोडतील तर शपथ! परवा तिने रांगेपुढे कबूलच केलं, "अहो, दगड कधीचा कोरडा पडलाय. रोज सकाळी मीच नळाचं पाणी ओतते. घरी जा, आपापला नळ सोडा!"

रांगेतले शिंपीकाका नाकातून म्हणाले, "म्हंजे गुण दगडाचा नव्हेच, वहिनी. तुमच्या हाताचा!"

आता रांग दगडाकडे बघतसुद्धा नाही, थेट स्वयंपाकघराच्या दाराशी लागते. दारातच मावशीची भरलेली बॅग आहे. शिंपीकाका त्या बॅगेवर ऐसपैस बसतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं, लावा."