गाडी ओके, ऑपरेटर रिजेक्ट

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. म्हणजे मशिनवरून निघालेला तुकडा हातात घ्यायचा, गेज लावायचं आणि मापात बसला नाही तर त्याला लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचा. हे काम त्यांनी आठच तास केलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण उरलेले सोळा तास ते तेच काम घरी करायचे. आईच्या पोळ्यांना गेज लावायची त्यांची हिंमत झाली नाही, एवढंच. बाकी चपलांपासून गॅसच्या टाकीपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा त्यांनी पिवळ्या पट्टीने आखून ठेवली होती. एकदा मी रात्रभर मित्राकडे राहिलो, तर सकाळी माझ्या पलंगावर चिठ्ठी होती, 'वस्तू जागेवर नाही'. वस्तू म्हणजे मी.

अशा माणसाच्या पोटी मी जन्माला आलो आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी गाडी हातात पडल्याबरोबर ती एका चाकावर चालवायला लागलो.

आता सांगायला हरकत नाही, मला ते बऱ्यापैकी जमायचं. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले मागचे रस्ते ओस पडलेले असतात. तिथे आम्ही चौघे जमायचो. पुढचं चाक उचलायचं, सीटवर उभं राहून दोन्ही हात सोडायचे, पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक हवेत न्यायचं, असले उद्योग. एकाने मोबाइलवर शूटिंग करायचं आणि मग त्यावर गाणं चढवून नेटवर टाकायचं. हेल्मेट घालायचो नाही, कारण केस दिसत नाहीत. आरसे काढून माळ्यावर ठेवले होते, कारण मागे काय चाललंय त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी स्वतःला फार मोठा रायडर समजत होतो. आज ते व्हिडिओ बघितले की मला आधी माझ्या पँटचीच लाज वाटते.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. महिन्यातून एकदा तिला एकलहऱ्याला थोरल्या मावशीकडे मीच न्यायचो. काका तिथे वीज केंद्रात नोकरीला. सातपूरहून एकलहरे म्हणजे अख्खं नाशिक आडवं कापत जायचं. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. उजवा हात माझ्या खांद्यावर, मांडीवर पिशवी, आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत बोलणं चालू. वाऱ्यामुळे मला निम्मं ऐकू यायचं नाही, मी नुसतं हो हो करायचो. मावशीला ती दर वेळी सांगायची की पोरगा गाडी छान चालवतो, गचके बसत नाहीत.

मग तो दसरा आला.

आमच्या कॉलनीत दसऱ्याला सकाळी सगळे मिळून गाड्यांची पूजा करतात. गाड्या धुऊन ओळीने लावायच्या, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि चाकांखाली लिंबू ठेवायचं. मग एकेकाने गाडी सुरू करून लिंबू चिरडत चार हात पुढे न्यायची. पप्पांनी त्यांची शंभर सीसीची गाडी इतक्या सावकाश पुढे नेली की लिंबाला विचार करायला वेळ मिळाला असेल. शेवटी माझा नंबर लागला. सगळी कॉलनी बघत होती. मला वाटलं, खालून लिंबू सगळेच चिरडतात, आपण वरून चिरडू.

चाक मी सुंदर उचललं. याबद्दल आजही कोणी वाद घालू नये. पण आईने हौसेने आणलेली माळ मनगटाएवढी जाड होती. चाक वर गेलं तशी ती हँडलवरून निसटली आणि सरळ माझ्या तोंडावर येऊन बसली. डोळ्यांसमोर सगळं केशरी. चाक खाली आलं ते लिंबावर नाही, तर आधीच्या अकरा गाड्यांची लिंबं आणि नारळाचं पाणी मिळून जो काला झाला होता त्यावर. गाडी एकीकडे गेली, मी दुसरीकडे. मी खालच्या मजल्यावरच्या काकूंची रांगोळी पुसत गेलो आणि त्यांच्या पेढ्यांच्या ताटात थांबलो.

"मेल्या, नैवेद्य तरी दाखवू द्यायचास!" काकू ओरडल्या.

सगळे हसले. तोंडात झेंडू असूनही मी हसलो. मनगट मोडलंय हे अजून कळलं नव्हतं.

मग दिसलं की आई हसत नाहीये. ती ओवाळायला ताट घेऊन पुढेच उभी होती. गाडी घसरत तिच्याकडे गेली होती आणि तिच्या पावलापासून एका वितीवर थांबली होती. फूटरेस्टने नव्या साडीचा काठ फाडला होता. ताट कधी पडलं, निरांजन कुठे गेलं, काही पत्ता नव्हता. पुढचं चाक अजून फिरत होतं. ती हळूच खाली फरशीवर बसली आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

पप्पांनी आधी मला उठवलं. दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून आणलं. संध्याकाळी त्यांनी बॅगेतून लाल टॅग काढला आणि चष्मा लावून गाडी तपासायला बसले. ब्रेक, टायर, हँडल, सगळं बघितलं. मग उठले आणि टॅग माझ्या प्लास्टरला बांधला.

"गाडी ओके आहे," ते म्हणाले. "ऑपरेटर रिजेक्ट."

जेवणानंतर 'का-का' झालं. ही कारखान्यातली पद्धत. एखादा दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. पप्पांनी वही उघडली.

"चाक का उचललं?"

"स्टंट म्हणून."

"स्टंट का?"

"सगळे बघत होते म्हणून."

"बघत असले म्हणून का करायचा?"

"भारी वाटतं."

"का भारी वाटतं?"

"एरवी कोणी बघत नाही म्हणून."

"का बघत नाही?"

मी प्लास्टरवरचा टॅग उलटा केला. "मला दुसरं काही येतच नाही, पप्पा."

बोलून गेलो. पप्पांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, त्याला चौकट आखली आणि समाधानाने म्हणाले, "सापडलं." त्या माणसाला आनंद कशाचा होईल, काही सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात एकलहऱ्याला जायचा दिवस आला. माझं प्लास्टर होतंच, पण आई जे बोलली ते प्लास्टरबद्दल नव्हतं. "मी रिक्षाने जात जाईन आता," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाही रे. पण डोळे मिटले की ती गाडी येते पायाशी. झोपतानासुद्धा येते."

ती दोन रिक्षा बदलून गेली. मी गच्चीवरून तिला बघत होतो, पिशवी सावरत कोपऱ्यापर्यंत चालत जाताना. पेढ्याच्या ताटात पडलो तेव्हा वाटली नाही एवढी शरम मला तेव्हा वाटली.

पप्पांनी नियम सांगितला. रिजेक्ट माल स्क्रॅप करायचा, म्हणजे भंगारात काढायचा, किंवा रिवर्क करायचा, म्हणजे दुरुस्त करून मापात आणायचा. स्क्रॅपला आईची परवानगी नाही, म्हणून रिवर्क. आणि टॅग ते स्वतः काढणार नाहीत, कारण माल शेवटी कस्टमर पास करतो. कस्टमर म्हणजे आई. ज्या दिवशी ती आपण होऊन माझ्या मागे बसेल आणि ओके म्हणेल, त्या दिवशी टॅग निघेल. तोवर तो माझ्या गाडीच्या किल्लीला राहील. मग मी दिवसाला चार वेळा, किल्ली काढताना आणि लावताना, 'रिजेक्ट' वाचत होतो.

प्लास्टर निघाल्यावर रिवर्क सुरू झालं. ज्या रस्त्यावर मी हात सोडून उभा राहायचो, त्याच रस्त्यावर पप्पा खडू, टेप आणि तपासणीचा तक्ता घेऊन उभे राहिले. पहिली परीक्षा म्हणजे वीस पावलांचं अंतर पूर्ण एक मिनिट लावून जायचं, त्याआधी पोचायचं नाही आणि पाय टेकायचा नाही. मी हसलो. एका चाकावर जाणाऱ्याला हे काय अवघड? पहिल्या खेपेला मी चार वेळा पाय टेकवले आणि एकदा आडवा झालो. पप्पांनी क्लच अर्धा सोडून, मागचा ब्रेक हलका धरून, नजर लांब ठेवून ते अंतर पार केलं. अंगात स्वेटर, डोक्यावर पट्टा बांधलेलं हेल्मेट. मधे त्यांना शिंकसुद्धा आली. मला फार राग आला. त्या रागाने मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही.

मग ब्रेकची परीक्षा. खडूच्या रेघेवर ब्रेक मारायचा आणि किती अंतरात थांबलो ते टेपने मोजायचं. आधी पप्पांनी करून दाखवलं. तेव्हा मला एक अजब गोष्ट कळली. तीस वर्षं गाडी चालवणारा हा माणूस पुढचा ब्रेक मारतच नव्हता. त्यांच्या शिफ्टमधल्या सगळ्यांची ठाम समजूत होती की पुढचा ब्रेक मारला की माणूस हँडलवरून उडतो. मग मी मारला, दोन्ही एकदम, पुढचा हळूहळू दाबत. मी त्यांच्यापेक्षा चार फूट आधी थांबलो.

त्यांनी परत करायला लावलं. मग परत. एका रीडिंगवर क्वालिटीवाले विश्वास ठेवत नाहीत. तिसऱ्या वेळीही चार फूट आल्यावर त्यांनी खिशातून नवा लाल टॅग काढला आणि मुकाट्याने स्वतःच्या शर्टाच्या बटणाला बांधला. तसेच घरी आले.

"अहो, हे काय लोंबतंय?" आईने विचारलं.

"रिवर्कला आहे मी," पप्पा म्हणाले. "हा शिकवतोय."

आई तेव्हा दसऱ्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. मला इतकं बरं वाटलं की मी माळ्यावरून आरसे काढून त्याच दिवशी बसवले. पण ती मागे काही बसली नाही.

फेब्रुवारीत मावशीच्या नातवाचं बारसं निघालं. आई सकाळीच पंजाबी ड्रेस घालून तयार झाली. मी गाडी पुसत होतो, तिच्याकडे न बघता. आता बस म्हणायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ती रिक्षासाठी कोपऱ्याकडे निघाली, दहा पावलं गेली, थांबली आणि परत आली.

"माझ्या मापाचं हेल्मेट आहे का?" तिने विचारलं.

होतं. तीन महिने आधी आणून ठेवलं होतं.

पप्पा तक्ता घेऊन धावत बाहेर आले. आपण मागून येणार, निरीक्षण करणार, म्हणाले. बटणाला टॅग होताच.

निघालो. आईचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून तिने मागचा दांडा दोन्ही हातांनी असा धरला होता की आरशात तिची कोपरंच दिसत होती. बोलणं तर बंदच. फक्त "हळू" एवढा एकच शब्द. शहराच्या मधल्या द्वारका चौकात येईपर्यंत अकरा वेळा झाला. बारावा द्वारकेच्या गर्दीत.

"आई, गाडी उभी आहे."

"तरी हळू."

नाशिकरोड मागे पडलं. एकलहऱ्याच्या रस्त्याला वीज केंद्रातल्या राखेचे ट्रक होते, मी एकाच्याही मागे चिकटलो नाही. एवढ्यात उजवीकडून एक पोरगा पुढचं चाक उचलून आम्हाला ओलांडून गेला. केस उडत होते. मला ते ओळखीचं वाटलं. मी सावकाश डावीकडे झालो आणि त्याला जाऊ दिलं. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर हात आला. मला भीती वाटत होती की बोललो तर तो जाईल.

बारशात पप्पांनी पाळण्याची दोरी तपासली, ती वेगळी गोष्ट.

संध्याकाळ व्हायच्या आत परत निघालो. द्वारकेपर्यंत आई बोलत होती, मी हो हो करत होतो. त्र्यंबक रोडला लागल्यावर बोलणं थांबलं आणि माझ्या पाठीवर काहीतरी टेकलं. तिचं हेल्मेट. गाडी मी त्या दिवशी जेवढी हळू चालवली तेवढी रिवर्कमध्येही चालवली नव्हती. आमच्या मागे कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता, ते पप्पाच होते.

घरी पोचताच ते लाल पेन काढून ओरडले, "गंभीर दोष! अगं, तू चालत्या गाडीवर झोपलीस! पडली असतीस म्हणजे?"

आई हेल्मेटचा पट्टा सोडत होती. "झोपले नव्हते," ती म्हणाली. "डोळे मिटून बघत होते. ती गाडी येते का पायाशी."

पप्पांचं पेन तिथेच थांबलं.

"मग?" मी विचारलं.

"नाही आली," आई म्हणाली, आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन दाताने टॅगची गाठ सोडायला लागली.