माहिती लिहून राह्यलो ना, सर!

संग्रामपूरच्या त्या प्रोग्रामरनं आम्हा मास्तरांसाठी निकालाचं सॉफ्टवेअर बनवलं, फुकट वाटलं, कुणालाही भर घालता यावी म्हणून कोडही उघडा ठेवला. फक्त ते वापरायचं कसं, हे कुठंच लिहिलं नाही.

"काऊन बे, माहिती कधी देतोस?"

"लिहून राह्यलो ना, सर. तोपर्यंत मले फोन करा."

कानावर पेन कायम. फोन मात्र उचलायचा. स्वतःच्या हळदीतही उचलला, पिवळ्या हातानं.

ऐन निकालाच्या दिवशी सगळं अडलं तेव्हा मी ओरडलोच, "अर्धवट वाटलंस कशाले?"

"थांबलो असतो त तुम्ही आजही हातानंच बेरजा करून राह्यले असते. माहिती तुम्हीच लिहा ना, सर!"

रागाच्या भरात मी हो म्हणालो. तेव्हापासून तो सगळ्यांना माझा नंबर देतो.

काल साखरखेर्ड्याच्या एक बाई फोनवर भडकल्या.

"लिहून राह्यलो ना, मॅडम," मी म्हणालो.