तो आवाज शकूमावशीचा नाही

ती क्लिप मला पाठवणं बंद करा.

काल दुपारपासून फोन वाजतोय. 'तुझी मावशी ना ही? सो सॉरी. काय गोड आवाज होता गं.'

चेहरा माझ्या मावशीचा आहे. आवाज तिचा नाही.

शकूमावशी काल सकाळी अंबरनाथला तिच्या घरी वारली. माझ्या आईची धाकटी बहीण. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होती. दरवर्षी भीमजयंतीला वस्तीच्या नाटकात काम करायची. माईक बंद पडला तरी पार मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जायची.

तिथेच एका दिग्दर्शकाने तिला बघितलं आणि सिरियलमध्ये घेतलं. मेन रोल. कारखान्यातून बिनपगारी रजा काढून ती शूटिंगला जायला लागली.

'रॉकेलची रांग'.

तुम्हाला नाही आठवणार. सुरू कधी झाली आणि बंद कधी पडली, कोणाला कळलंच नाही. रेशनच्या दुकानापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका, त्यांची भांडणं, त्यांची थट्टा. बस, एवढंच. मावशी त्यातली कांताबाई.

मी तेव्हा शाळेत. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत टीव्ही मोजक्याच घरांत, त्यातलं एक आमचं. सिरियलच्या दिवशी मावशी अंबरनाथहून मुद्दाम यायची. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या सिंधी कविताभाभी पापड घेऊन यायच्या. त्यांना अर्धंमुर्धं मराठी कळायचं, पण कांताबाई दुकानदाराला झापायला लागली की सगळ्यांत आधी त्याच हसायच्या.

पहिले दोन भाग असे गेले. मावशी आमच्यात बसून स्वतःला बघायची, पदर तोंडाला लावून.

तिसरा भाग लागला. कांताबाईने तोंड उघडलं.

'डबा माझा, मुलं माझी, आणि माप मात्र तुमचं होय?'

नाजूक, स्वच्छ, रेडिओवरच्या बातम्यांसारखा आवाज. दुसऱ्याच कुणा बाईचा.

आम्हाला वाटलं, टीव्हीच बिघडला. कविताभाभी म्हणाल्या, 'अरे, ये तो तेरी मासी की आवाज़ नहीं है.'

मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीच नाही. आमच्यासोबत, त्या भरलेल्या खोलीत, तिला ते कळलं.

ती उठली, टीव्ही बंद केला आणि चपला घालून अंबरनाथला निघून गेली.

पुढच्या शूटिंगला गेल्यावर तिने निर्मात्यांना विचारलं. हे तिनेच आईला सांगितलं, मी शेजारी बसून ऐकत होते.

ते म्हणाले, 'बाई, तुमचा अभिनय छानच आहे. पण भाषा? सगळ्या महाराष्ट्राला घराघरांत ऐकवायची आहे.'

मावशी म्हणाली, 'रॉकेलच्या रांगेत कोण बोलतं साहेब असं?'

'तुम्ही फक्त तोंड हलवा. बाकीचं आम्ही बघतो.'

'माझं तोंड चालतं. माझ्या जिभेचा तेवढा विटाळ होतो का तुम्हाला?'

आणि तिने काम सोडलं.

पुढच्या भागात कांताबाई म्हणे गावाला गेली. त्यानंतर लवकरच सिरियल बंद. मावशी परत पॅकिंगला. सुपरवायझर कितीतरी दिवस 'आल्या हिरॉइन' म्हणायचा. ती त्याच्याकडे बघायचीही नाही. जयंतीचं नाटक मात्र तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. पोरींना शिकवायची, 'आपल्या घरात बोलतो तसं बोल. स्टेजवर गेलं म्हणून आई बदलते का?'

यंदा उन्हाळ्यात बदलापूरचे एक गृहस्थ तिच्याकडे आले. जुन्या सिरियल्सचं पेज चालवतात. मी तिथेच होते. खूप खुशीत होते ते. कुणीतरी घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट त्यांना मिळाली होती. चॅनलने मूळ टेपा केव्हाच पुसून त्यांवर दुसरं काहीतरी भरलं होतं. वाचला तो हा एकच भाग.

तिसरा.

त्यांनी मोबाइल पुढे केला. मावशीने तो आवाज ऐकला आणि विचारलं, 'पहिला न्हाई का?'

'नाही हो. एवढाच आहे.'

'मग आवाज बंद करा.'

स्क्रीनवर ती तरुण, पदर खोचलेली, रॉकेलचा डबा कमरेवर. ओठ हलत होते. आणि पलंगावरच्या मावशीने बोलायला सुरुवात केली.

'डबा माझा, पोरं माझी, अन् माप तेवढं तुझं व्हय रं?'

दम लागत होता. मध्येच ओठ पुढे जायचे, ती मागे राहायची, पुन्हा गाठायची. पूर्ण सीन तिने केला. एक शब्द विसरली नाही.

मग मोबाइल परत देत म्हणाली, 'साहेब, टाकायचंच असंल तर मुकं टाका. तो आवाज माझा न्हाई.'

'हो मावशी, नक्की,' म्हणाले ते. चहा घेतला. नमस्कार केला.

काल ती गेल्याचं कळताच त्याच गृहस्थांनी क्लिप टाकली. आवाजासकट. मेणबत्तीचं चित्र लावून.

खाली कमेंट्स. 'तेव्हाचं शुद्ध मराठी कुठे हरवलं?' 'असे उच्चार आता ऐकायला मिळत नाहीत.'

बॉडी घरात असताना मी हे वाचत होते.

मी त्यांना फोन केला. म्हणाले, 'ताई, भावना समजतात. पण मुका व्हिडिओ कोण बघणार? रीच मिळत नाही.'

रीच.

एका बाईच्या तोंडातून तिची भाषा काढून घेतली, ती मेल्यावर त्याच चोरीला हार घातला, आणि वर मला समजावताय.

त्या डबिंगवाल्या ताईंवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी काही सांगितलं नसेल. पण ज्यांना सांगितलं होतं, समोर बसवून सांगितलं होतं, त्यांनी ती क्लिप आज उतरवावी. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने त्यांना तसं कळवावं. दुःख वाटत असेल तर एवढं करा.

रविवारी सकाळी अंबरनाथला, मावशीच्या वस्तीतल्या विहारात आदरांजली सभा आहे. तिने शिकवलेल्या पोरी बोलणार आहेत. जसं येतं तसं बोलणार आहेत. ऐकायला या.

जयभीम, मावशी. नीट जा.