शपथ कोणी घ्यायची?

“शपथ घ्यायला माझी ना नाही,” जयराम मास्तर म्हणाले, “पण ज्याच्या नावाने घ्यायची, तो असायला नको का?”

मालवणात एका माडीवर माझं ऑफिस होतं. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले होते आणि शेजारी त्यांच्या पत्नी, सुमतीवहिनी. त्याच सकाळी कोर्टात आमच्याविरुद्ध एक अर्ज आला होता. त्यावर मास्तर देवळात जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर केस आम्ही जिंकली असती. आणि माझा अशील मला विचारत होता, की देव आहे कशावरून.

केस तशी साधी होती. धामापूरच्या अंगाला एक माडापोफळीची बाग होती, गावात तिला खालची बाग म्हणत. मास्तरांनी तिथे घर बांधलं होतं आणि सगळा संसार त्याच घरात केला होता. त्यांचा चुलतभाऊ भिकाजी याने दावा लावला, की ती बाग माझ्या वाटणीची आहे, घर उठवून ताबा द्या. वाटणी झाली होती दोघांच्या वडिलांमध्ये, तीही तोंडी. कागद केलेला नव्हता आणि ऐकणारे म्हातारे कधीच गेले होते. वाटणीच्या वेळी हजर असलेले आणि अजून हयात असलेले दोघेच उरले होते. एक वादी, म्हणजे दावा लावणारा भिकाजी. दुसरा प्रतिवादी, म्हणजे ज्याच्यावर दावा लागला ते मास्तर. एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द, बाकी पुराव्याच्या नावाने शून्य.

अशा वेळेसाठी त्या काळच्या कायद्यात एक सोय होती. तिला विशेष शपथ म्हणत. कोर्टातली रोजची शपथ वेगळी. ती घेऊन लोक काय काय बोलतात ते ऐकण्यात माझी हयात गेली. विशेष शपथेत एक पक्ष दुसऱ्याला सांगतो, की तू अमक्या देवासमोर उभा राहून बोल, तू बोलशील ते मला मान्य. दुसऱ्याने तशी शपथ घेतली की त्याचं बोलणं निर्णायक पुरावा ठरायचं. निर्णायक म्हणजे त्यावर पुढे कोणी वाद घालायचा नाही. सक्ती मात्र नव्हती. नाही म्हटलं तर कोर्ट नकार आणि त्याचं कारण लिहून घ्यायचं. न्यायाधीशही माणूसच, तो त्यावरून मनात काय समजायचं ते समजायचा.

भिकाजीचा अर्ज असा होता, की मास्तरांनी धामापूरच्या भगवतीसमोर शपथेवर बाग आपली म्हणावी, मी दावा सोडतो. वरवर पाहता मोठ्या मनाचा अर्ज. पण मास्तर देव मानत नाहीत हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. समोरचे वकील मुरलेले होते. मास्तर नकार देणार आणि नकार दिला की खोटे दिसणार, हा त्यांचा हिशेब.

म्हणून त्या दुपारी मी माझ्या अशिलाला देव पटवून द्यायला बसलो. कोल्हापूरला कॉलेजात इंटरला असताना मी लॉजिक शिकलो होतो. त्यातलं जेवढं आठवलं तेवढं बाहेर काढलं.

“मास्तर, प्रत्येक गोष्टीला कारण असतं. त्या कारणालाही कारण. मागे मागे जात राहिलं तर पहिलं कोणीतरी मानावंच लागेल.”

“म्हणजे घराण्याचा मूळपुरुष.”

“तसंच समजा.”

“आमच्याकडे प्रत्येक घराण्याला मूळपुरुष असतो. तो कुठून आला विचारलं की घाटावरून आला म्हणतात, आणि मग कोणी पुढे विचारत नाही. पण वकीलसाहेब, त्यालाही आई होतीच ना?”

मी दुसरी बाजू धरली. धामापूरचं तळं घेतलं. त्याचा बांध पाहिला की कोणीतरी बांधलाय हे सांगावं लागत नाही. मग एवढी सृष्टी, हा माड, त्याच्या टोकाला चढलेलं गोड पाणी, हे आपोआप झालं?

“बांध बांधलेला आहे हे मला कसं कळतं? शेजारचा डोंगर बांधलेला नाही, म्हणून कळतं. तुम्ही डोंगरही बांधलेलाच म्हणायला लागलात, तर मी बांध ओळखू कशावरून?” मास्तर म्हणाले.

मी चहा मागवला. चहा पिता पिता तिसरा मुद्दा आठवला. ज्याच्याहून श्रेष्ठ काही कल्पनेतसुद्धा येत नाही, तो देव. पण नुसत्या कल्पनेतल्यापेक्षा खरोखर असलेला अधिक श्रेष्ठ. तेव्हा सर्वश्रेष्ठ म्हटला की तो असलाच पाहिजे.

मास्तर पहिल्यांदाच हसले. “मग माझं काम झालं. मी एक सर्वश्रेष्ठ साक्षीदार मनात आणतो. त्याने वाटणी डोळ्यांनी पाहिली आहे आणि तो कधी खोटं बोलत नाही. नसलेल्या साक्षीदारापेक्षा असलेला श्रेष्ठ, म्हणजे तो आहेच. तुम्ही उद्या त्याच्या नावे समन्स काढा.”

मला राग आला. फी घेऊन ज्याला वाचवायचं तोच उलटतपासणी घेत होता. मी सरळ व्यवहारावर आलो. “हे बघा, बाग तुमची आहे हे खरं. देव असला तर तुम्ही खरंच बोलताय. नसला तर तुमचं काही बिघडत नाही. दोन्हीकडून फायदा. घ्या आणि मोकळे व्हा.”

“खोटी साक्ष देणारेसुद्धा पिंजऱ्यात चढताना असाच विचार करत असतील,” मास्तर म्हणाले.

आता वहिनी बोलल्या. “देव नाय म्हणतास, मगे भितास कोणाक? घेवा एकदा शपथ. खोटां थोडाच बोलूचा आसा?”

मास्तर त्यांच्याकडे वळले. “अगो, पोरांका खोटां बोलल्यार मी छडी मारलंय. आता देवीसमोर हात जोडून ‘तुका स्मरान सांगतंय’ म्हणू, आणि मनात म्हणू की तू नाय? बाग खरी, पण बोलणां खोटांच झाला मा?”

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. त्या घराच्या भिंती त्यांनी आपल्या हातांनी सारवल्या होत्या. मला त्या माणसाचा संताप येत होता आणि त्याच्याविषयी वाईटही वाटत होतं. शेवटी नकाराचं कारण होईल तेवढ्या सौम्य शब्दांत मांडायचं ठरवून मी त्यांना निरोप दिला.

पुढच्या तारखेला मी बोलायला उभा राहिलो, तोच मास्तर माझ्यामागून उठले.

“साहेब, मी ही शपथ घेणार नाही. माझा देवावर विश्वास नाही. पण भिकाजीचा आहे. त्याने घ्यावी. भगवतीसमोर तो जे सांगेल ते मला मान्य.”

मी वेळ मागितला, अशिलाशी बोलायचं आहे म्हणालो. मास्तर म्हणाले, माझं बोलून झालं आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “याचा परिणाम काय होईल, कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. घर जाईल.”

समोरच्या वकिलांचा चेहरा उजळला. आपण टाकलेला फास आपल्यालाच बक्षीस म्हणून परत मिळतोय, असं त्यांना वाटलं असणार. न्यायाधीशांनी भिकाजीला विचारलं, तुम्ही घेणार? भिकाजीने आपल्या वकिलांकडे पाहिलं, त्यांनी होकारार्थी मान हलवली. “घेतंय,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना नको ते बोललो. वकील कशाला केलात, इथपर्यंत गेलो. ते ऐकून घेत राहिले. वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही आता घराक जावा, वकीलानु. फुडचा देवी बघतली.” त्यांच्या आवाजात मात्र फारसा धीर नव्हता.

देवळात शपथ द्यायला कोर्टाने एका क्लार्कला कमिशनर नेमलं. कोर्टाच्या वतीने कोर्टाबाहेर जाऊन काम करतो तो कमिशनर. ठरल्या सकाळी आम्ही सगळे धामापूरला जमलो. अर्धा गाव आधीच येऊन बसला होता. भिकाजी तळ्यात बुडी मारून ओलेत्याने आला. गुरवाने त्याच्या ओंजळीत देवीच्या पायाकडचं फूल ठेवलं आणि गाऱ्हाणं घातलं.

“आई भगवती माते, आज तुझी दोन लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. खरा काय, खोटा काय, ता तू जाणतस. जो खरा बोलात, तेका राख.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाले, मी शेजारीच होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. “सवय,” ते पुटपुटले, “तुम्ही नाही का कुठल्याही न्यायाधीशाला विद्वान म्हणत?”

कमिशनरने कागद वाचला. त्याच्यामागून भिकाजी एकेक शब्द म्हणत गेला. मी भिकाजी, आई भगवतीला स्मरून, खरं तेच सांगतो. इथवर नीट झालं. मग कमिशनरने विचारलं, “खालची बाग वाटणीत कोणाकडे गेली?”

भिकाजीने ओंजळीतल्या फुलाकडे पाहिलं. ओल्या धोतराचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्याच्या वकिलांनी घसा खाकरला. कमिशनरने प्रश्न पुन्हा विचारला.

“काकाकडे,” भिकाजी म्हणाला. काका म्हणजे मास्तरांचे वडील. “खालची बाग काकाची. माझ्या बापाशीन आमच्या दोघांच्याय देखत सांगल्यान. माझे झील मुंबयसून लिवत रवले, बाबा, बाग सोडू नको म्हणान. माझी मती फिरली.” आणि त्याने फूल देवीच्या पायावर ठेवलं.

कमिशनर शब्दन् शब्द लिहून घेत होता. हाच आता निर्णायक पुरावा. वहिनी खांबाला टेकून खालीच बसल्या.

बाहेर तळ्याच्या पायऱ्यांवर मी मास्तरांना गाठलं. “आणि तो खोटं बोलला असता तर?”

“तर घर गेलं असतं. पण मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तुमच्यासमोर तो खोटं बोलेल, न्यायाधीशासमोर बोलेल. इथे नाही बोलणार.”

एवढ्यात भिकाजी धोतर पिळत आमच्याकडे आला. मास्तरांकडे बघायची त्याला लाज वाटत होती, पण बोलल्याशिवाय राहवेना. “जयराम, आता तरी म्हण. देवी आसा म्हणान मी खरा बोललंय.”

“तू आसस म्हणान बोललंस,” मास्तर म्हणाले.

ते तसेच वाद घालत बागेकडे चालू लागले. वहिनी पुढे गेल्या होत्या, भिकाजीलाही जेवायला बोलावलं होतं.

दावा फेटाळला गेला. देव आहे की नाही, हा मुद्दा कोर्टापुढे नव्हता, त्यामुळे निकालपत्रात त्यावर एक ओळही नाही. पुढे कायदा बदलला आणि विशेष शपथेची सोयच गेली. पण ती होती तोवर असा अर्ज आला तरी मी अशिलाला देव पटवायच्या भानगडीत पडलो नाही. दोघांपैकी देव कोण मानतो, एवढंच आधी विचारून घेत असे.